थोरलीच्या जागी धाकटी

प्रत्येक गॅरेजमध्ये जुन्या नटबोल्टांचा एक डबा असतो. त्यात मुद्दाम कोणी काही ठेवत नाही. गाडी उघडली, पुन्हा बसवली, की एखादा बोल्ट उरतो. तो डब्यात जातो. काही वर्षांनी डबा एका हाताने उचलवत नाही. किस्से असेच साठतात. आमच्या एका गाडीवरून लोक इतकं बोलले, की डबा भरून वर ढीग झाला. आज तो ओततो. कोणाच्या पायावर पडला तर पडू दे.

मी सखाराम. शाळा तिसरीपर्यंत. गाव कर्जतहून कशेळ्याला जाणाऱ्या रस्त्यावर. तरुणपणी खोपोलीच्या एका कारखान्यात ड्रायव्हर होतो. कारखान्याने आपली मोठी पिकअप मोडीत काढली, ती मी घेतली. मूळची लष्करातली, परदेशी बांधणीची. बॉनेट इतकं लांब, की पुढे कोंबडी आडवी आली तर ड्रायव्हरला शेवटी कळायचं. हौदा एवढा, की दोन बैल शेजारी शेजारी उभे राहावेत.

गाडी दारात उभी राहिली तेव्हा बायकोने तिच्याभोवती एक फेरी मारली. म्हणाली, "आली माझ्यामागनं, पण मान हिचा मोठा दिसतोय. हिला थोरलीच म्हणा." तेच नाव पडलं.

रोज सकाळी कशेळ्याची भाजी आणि गावातलं दूध घेऊन थोरली कर्जत स्टेशनला जायची. माल उतरवला की मी आणि धाकटा भाऊ दगडू भिसेगावात उस्मानभाई मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये बसायचो. स्टँडवरचे ड्रायव्हर यायचे. चहा व्हायचा. पुढे पेट्रोल महागलं. कुठल्या तरी देशांनी आखडून धरलं, असं दगडू पेपर वाचून सांगायचा. आखडलं त्यांनी आणि भोगायचं कशेळ्याच्या भाजीवाल्यांनी! तिथून हे सगळं सुरू झालं.

*

कर्जतच्या पंपावर एक माणूस होता. थोरली लांबून दिसली की तो रांगेतल्या फटफट्या पुढे घ्यायचा.

"तात्या, जरा दम धरा. आदी यांना देतो. तुमच्यामागनं कुणाला काय उरत नाय."

रांग हसायची. एकदा ठीक. रोज तेच बोलायचा, आणि रोज नवीन रांग हसायची.

एके दिवशी मी गाडी वळवली आणि पेट्रोल भरायला थेट खोपोलीला गेलो. तिथल्या पंपावर टाकी भरली. कोणी हसलं नाही. परत गावात आलो. दगडूने दारातच काटा बघितला.

"दादा, कुठं गेलतास?"

"पेट्रोल भरायला."

"भरलंस?"

"भरलं."

"मंग काटा खाली कसा?"

"खोपोली काय परसात हाय?"

दगडूने कपाळाला हात लावला. लावू दे. मी पुढेही खोपोलीलाच भरत राहिलो. तेल जळलं तरी चालेल. दुसऱ्याची करमणूक करायला मी गाडी घेतली नव्हती.

त्याच दिवशी दगडू पहिल्यांदा म्हणाला, "दादा, दूध-भाजी एवढीशी, नि गाडी हत्तीएवढी. रोजच्याला छोटी गाडी पायजे. अ‍ॅव्हरेज देणारी."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणूनच जास्त राग आला.

*

थोरली का सोडायची नव्हती, ते आधी सांगतो.

आमची वस्ती गावाच्या वरच्या टोकाला. वस्तीत यायचा रस्ता गावाच्या मधून. पण आमच्यातला नवरदेव त्या रस्त्याने येत नसे. त्याला शेताच्या बांधावरून आणायचे. माझं लग्न तसंच झालं, माझ्या बापाचंही. छप्पन साली आम्ही धर्म बदलला, पण बांध बदलला नव्हता.

थोरली आली त्या वैशाखात चुलतभावाचं लग्न होतं. मी नवरदेवाला हौद्यात उभा केला आणि गाडी गावात घातली.

गावाच्या मधोमध रामभाऊचा ओटा आहे. रामभाऊ म्हणजे गावातला मोठा दूधवाला. त्याने मला जन्मभर अरे म्हटलं, म्हणून मीही इथे त्याला तो म्हणतो. त्याच्या ओट्यापाशी रस्त्याला चढ आहे आणि तिथेच वळण. तो आडवा उभा राहिला.

"सख्या, नवऱ्याला येवढी मोठी गाडी कशाला रं?"

"नवरा दिसला पायजे."

"वळायची नाय ती इथनं."

वळली. त्याच्या ओट्याचा कोपरा घेऊन वळली.

तो कोपरा त्याने कधी लिंपला नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा, बघा यांची मस्ती. मीही दाखवायचो.

त्या दिवसापासून वस्तीतल्या प्रत्येक लग्नाला नवरदेव थोरलीवर उभा राहून, गावाच्या मधून आला. आणि मी सख्याचा सखाराम झालो. कारण रामभाऊचं दूध वेळेवर कर्जतला पोचवणारी दुसरी गाडी नव्हती. तो दुधाबरोबर रोज यायचा. केबिनमध्ये माझ्याशेजारी जागा असायची. पण तो मागे हौद्यात, किटल्यांना धरून उभा राहायचा. म्हणायचा, "मला मोकळी हवा लागते." आषाढातही त्याला मोकळी हवाच लागायची. घोंगडी घेऊन उभा राहायचा.

आता माझ्या सुमनचं लग्न ठरलं होतं. येत्या वैशाखात. दुसऱ्यांचे इतके जावई मी थोरलीवरून आणले. माझा जावई कशातून येणार होता, हे मी कोणाला विचारणार नव्हतो.

*

दगडूने पहिल्यांदा बघायला आणली ती साइडकारची फटफटी. खोपोलीतल्या कोणा साहेबाची होती. साहेबाची बाई साइडकारमध्ये बसून बाजाराला जायची म्हणे.

"पेट्रोल नुसतं हुंगते, दादा. बाजूला किटल्या ठेवायच्या, मागं भाजी."

वजनाचा अंदाज यावा म्हणून मला साइडकारमध्ये बसवलं. मांडीवर दुधाची किटली दिली. गुडघे छातीला लागलेले, वरून किटली, आणि कशेळ्याच्या रस्त्याचे खड्डे. मी शब्द बोललो नाही. दात आपटत होते.

कशेळ्याचा बाजार भरलेला. बाजाराच्या तोंडाशी एक म्हातारी भाजी विकते. ती मला लहानपणापासून ओळखते. तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग दगडूला विचारलं, "कधीपास्नं असा झाला रं तात्या? दवाखान्यात नेतोस का?"

दगडू हसला. नाही म्हणायचं सोडून हसला!

बाजारभर झालं. ज्याने त्याने येऊन कपाळाला हात लावून बघितलं. घरी पोचलो तर ओटीवर शेजारच्या दोन बायका तोंडं पाडून बसलेल्या, आणि बायको त्यांना समजावत होती, "सकाळपर्यंत चांगले व्हते वो."

फटफटी संध्याकाळी साहेबाकडे परत गेली.

*

मग एक दलाल गाठ पडला. त्याच्याकडे तीनचाकी टेंपो होता, वापरलेला. तो म्हणाला, बोलण्यात अर्थ नाही, अ‍ॅव्हरेज डोळ्यांनी बघा. आम्हाला त्याने खंडाळ्याला बोलावलं. आम्ही एस्टीने गेलो.

त्याने आमच्यासमोर टाकीत कांडी बुडवली. कांडी जिथपर्यंत भिजली तिथे नखाने खूण केली. मग आम्हाला बसवून बोरघाटातून खाली खोपोलीला आणलं. खोपोलीत पुन्हा कांडी बुडवली. भिजलेली खूण होती तिथेच.

दगडूचे डोळे विस्फारले. "दादा, ही पितच नाय!"

पिणार कुठून? घाट लागल्यापासून त्याने इंजिन बंद करून टेंपो न्यूट्रलमध्ये सोडला होता. मी घाटभर त्याच्या पायाकडे बघत होतो. नुसता ब्रेक दाबत होता. असा तर पाटाही अ‍ॅव्हरेज देईल.

मी म्हणालो, "आता वर ने."

दलाल म्हणाला, जेवायची वेळ झाली आहे.

"जेवाण माझ्याकडनं. आदी वर ने."

तेव्हा त्याला एकदम आठवलं की नात्यात मयत झालं आहे, लगेच निघायला हवं. मी विचारलं, मयत कुठे झालं आहे. तोंडातून खरं निघून गेलं. खंडाळ्याला.

मी म्हणालो, मग बरंच झालं, टेंपो तिकडेच न्यायचा आहे.

माणूस टेंपो खोपोलीत सोडून एस्टीने मयताला गेला.

गॅरेजमध्ये हा किस्सा सांगितला. त्यानंतर कोणी कशाचीही बढाई मारली, की उस्मानभाई पाना खाली ठेवून म्हणायचा, "आता वर ने."

*

पण हा उस्मानभाईही साधा नव्हता. माझ्या माघारी त्याने दगडूला सल्ला दिला. थोरली विकायला तात्या तयार होत नाही ना, मग पेट्रोलमध्ये थोडं रॉकेल मिसळून बघ. जुनं इंजिन आहे, पचवेल.

दगडूने घरातलं रॉकेल ओतलं. थोडं नाही. सगळं.

मला काहीच माहीत नाही. मी सकाळी गाडी काढली. गावातून जाताना थोरलीने असा धूर सोडला की मागचं घर दिसेना. बायका पदर नाकाला लावून आत पळाल्या. कुत्री भुंकत मागे लागली आणि खोकत परत गेली. मी म्हटलं असेल काहीतरी, कर्जतला गेल्यावर बघू. माझ्यापर्यंत धूर येत नव्हता. तो सगळा मागे जात होता.

मागे रामभाऊ उभा होता. मोकळ्या हवेत.

कर्जतला तो उतरला तेव्हा धोतर काळं, टोपी काळी. मिशी पिकून पांढरीशुभ्र झाली होती, तीही काळी कुळकुळीत. भाजी उतरवून घेणाऱ्या माणसाने त्याला विचारलं, "रामभाऊ नाय आले का आज? तुमी त्यांचे धाकटे भाऊ काय?"

रामभाऊने माझ्याकडे जे बघितलं, त्यात रॉकेल असतं तर पेटलं असतं.

घरी आलो तर चूल थंड, स्टोव्ह कोरडा, रॉकेलचा डबा उपडा. बायको पाय पसरून पानसुपारी खात बसलेली. मी ताट मागितलं. ती जागची हलली नाही.

"रॉकेल थोरलीनं पिलं. जेवाण तिलाच मागा."

आम्ही दोघा भावांनी कच्चे पोहे ताकात कालवून खाल्ले. मी दगडूशी जेवताना एक शब्द बोललो नाही. उठताना बोललो. तो इथे लिहिण्यासारखा नाही.

*

शेवटी दगडूने दुसरा एक टेंपो शोधला. तोही तीनचाकी, पण चांगल्या माणसाचा. या वेळी त्याने तो आधी घाट चढवून बघितला, मग मला सांगितला. दूध-भाजी बरोबर मावत होती. थोरली जेवढं एका फेरीला प्यायची, तेवढ्यात हा आठवडा काढायचा. एकच होतं. मागे टप होता, बुटका. आत माणूस उभा राहत नव्हता.

घरात बैठक बसली. दगडू, बायको, सुमन, मी. दगडूने सगळं समजावून सांगितलं. आपण थोरलीला पोसतो, थोरली आपल्याला पोसत नाही. भाजीवाले भाडं परवडत नाही म्हणून बैलगाडीकडे वळायला लागलेत. असं चाललं तर पावसाळ्यानंतर धंदाच राहणार नाही.

मी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणालो, "जावई काय रांगत येणार? नवरा दिसला पायजे."

सुमन सुपात तांदूळ निवडत होती. कर्जतला शिवणकाम शिकवायला जायची. दिवसभर पोरींना टाके उसवायला लावणारी बाई ती, तिला माझ्या आवाजाची भीती नव्हती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, नवरा मला दिसला म्हंजे झालं."

असलं बोलायला हिला कोणी शिकवलं ते मला माहीत आहे. माझ्यावरच गेली आहे.

मी उठलो. बाहेर आलो. थोरलीत बसलो, दार आपटलं, किल्ली फिरवली. कुठेतरी लांब निघून जायचं होतं.

टाकी कोरडी होती.

*

टेंपो आला. थोरली होतीच, म्हणून याची झाली धाकटी.

पहिल्या सकाळी रामभाऊ किटल्या घेऊन आला. किटल्या मागे चढल्या, भाजीच्या पाट्या चढल्या, टप गच्च भरला. रामभाऊ मागे गेला, पुढे आला, पुन्हा मागे गेला. उभं राहायला जागा नाही, बसायला जागा नाही. जागा एकच, पुढे, माझ्या शेजारी. टेंपोची पुढची बैठक केवढी असते! मांडीला मांडी लागणार.

"सख्या, मागं जरा जागा कर."

टेंपो आला त्याच दिवशी मी पुन्हा सख्या झालो होतो.

"मागं दूध हाय. तुमचंच."

तो बराच वेळ त्या बैठकीकडे बघत राहिला. मी फडक्याने ती पुसली. मुद्दाम, सावकाश, कोपऱ्यापर्यंत. मग म्हणालो, "या. पंख्यासारखी हवा येते पुढं."

त्याला आठवलं की त्याला आज घरी काम आहे.

दुसऱ्या दिवसापासून तो सायकलवरून कर्जतला यायला लागला. त्या वयात, त्या चढउतारावर, धोतराचा सोगा दातात धरून. एक किटली पाट्यांमुळे मागे मावत नसे, ती रोज माझ्या मांडीला लागून पुढे यायची. ते दूध चालत होतं. मालकाला चालत नव्हतं.

घाटावर, कोकणात, कुठेही विचारा. त्या वर्षी पेट्रोल सगळ्यात जास्त रामभाऊने वाचवलं.

*

थोरली विकायची नाही, एवढं मी सांगून टाकलं. पण धाकटीसाठी रक्कम उभी करायची होती. मग मधला मार्ग निघाला. इंजिन विकायचं, गाडी ठेवायची. कशेळ्याच्या एका भातगिरणीला इंजिन हवं होतं.

उस्मानभाई साखळी आणि कप्पी घेऊन आला. इंजिन वर निघालं तेव्हा मी तिथे नव्हतो. परत आलो तर थोरली अंगणात, बॉनेट बंद, बाहेरून होती तशीच. बॉनेट उघडलं तर खालची जमीन दिसत होती. मी ते बंद केलं आणि कोणाला उघडू दिलं नाही.

लग्न जवळ आलं होतं. बायकोने हौदा धुऊन काढला, वर जुनी लुगडी पसरली आणि पापड, कुरडया, मिरच्या वाळत घातल्या. उंचावर, ऊन भरपूर, कोंबड्यांचा त्रास नाही. केबिनमध्ये तिने कांदे भरले.

मी बघत उभा राहिलो. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "येवढ्या वर्सांत आता कुठं कामाला लागली बया."

*

लग्नाच्या आदल्या आठवड्यात रामभाऊ रस्त्यात भेटला. सायकलवरून उतरला. ओट्याच्या फुटक्या कोपऱ्यावर पाय ठेवला.

"सख्या, बरं झालं बाबा. तुमचा जावई आता शाण्यासारका बसून जाईल. त्या डबड्यात. वाकून."

घरी गेलो आणि केबिनमधले कांदे काढायला लावले.

लग्नाच्या सकाळी थोरलीला हार घातला, निळा झेंडा बांधला. वस्तीपासून वेशीपर्यंत सगळा उतार. मी स्टिअरिंगवर बसलो, ब्रेक सोडला. इंजिन नाही, आवाज नाही, आणि थोरली गावाच्या मधून राणीसारखी खाली गेली. एक थेंब प्यायली नाही. त्या दलालाने बघायला हवं होतं.

दगडू कर्जतहून वऱ्हाड घेऊन आला. बायका आणि बँडवाले एस्टीने, नवरदेव आणि लाउडस्पीकरचा कर्णा धाकटीतून. जावई खोपोलीच्या कारखान्यात कामाला. सरळ पोरगा, पांढरे कपडे कडक इस्त्रीचे. त्याने वेशीत थोरली बघितली, पुढे बांधलेले गवताच्या गाड्यांचे दोरखंड बघितले, दोरखंड धरून उभे राहिलेले वस्तीतले बाप्ये बघितले.

"मामा, मी चालत येतो की."

"चालत यायचं तर बांधावरनं जा," मी म्हणालो.

तो हौद्यात चढला.

उस्मानभाई गॅरेज बंद करून आला होता. बाह्या वर सारून मागच्या फळीला खांदा लावला आणि मला हाक दिली, "तात्या, आता वर ने."

बँड वाजायला लागला. पुढे दोरखंड ताणले गेले, मागून खांदे लागले. थोरली हलली. जावई वरची दांडी धरून उभा, डोकं घरांच्या पागोळ्यांपर्यंत. दोन्ही बाजूंना लोक दारात आले. मी समोर बघत होतो.

रामभाऊच्या ओट्यापाशी चढ लागला. तिथेच वळण. माणसांना दम लागला, पाय घसरायला लागले. थोरली वळणात अडकून उभी राहिली, नेमकी रामभाऊच्या अंगणाच्या तोंडावर. मी ब्रेक लावला. बँड थांबला.

रामभाऊ ओट्यावर उभा होता.

"पेट्रोल संपलं का रं, सख्या?"

"संपलं नाय. वाचवतोय."

दोरखंडावरची माणसं हसून खाली बसली. कोणी पाणी मागितलं. कोणाला घाई नव्हती. जावई वर उभा होता. सगळ्यांना दिसत होता.

घाई एकालाच होती. धाकटी त्या दिवशी लग्नात होती, म्हणून रामभाऊने दुधासाठी बैलगाडी जुंपली होती. ती अंगणात तयार उभी. किटल्या चढवलेल्या, वैशाखाचं ऊन, कर्जतची गाडी गाठायची, आणि बाहेर पडायच्या वाटेत थोरली.

"बाजूला घ्या ती," तो म्हणाला.

"चढ हाय. माणसं कमी पडतात," मी म्हणालो.

त्याने किटल्यांकडे बघितलं. उन्हाकडे बघितलं. रस्त्यावर कोण कोण आहे ते बघितलं. सगळे होते. मग धोतर वर खोचलं, ओट्यावरून उतरला आणि मागे गेला.

मला आरशात स्वच्छ दिसत होतं. एका बाजूला दगडू, दुसऱ्या बाजूला उस्मानभाई, मध्ये रामभाऊ. जागा थोडी होती. खांद्याला खांदा लागलेला. तिघांनी एकदम रेटा दिला.

मी पाय ब्रेकवरून काढला नाही.

"सख्या, हलंना का ही?"

मी समोर बघत राहिलो.

पुन्हा रेटा. "सखाराम, ब्रेक बघ रं जरा."

जावई वरून वाकून माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला हाताने खूण केली, सरळ उभा राहा.

"सखारामभाऊ, ब्रेक लागलाय वो!"

आरशात रामभाऊचा चेहरा घामाने निथळत होता. दगडूचा घाम त्याच्या खांद्यावर, त्याचा दगडूच्या. टोपी खाली पडली होती, ती उचलायला हात मोकळा नव्हता.

"तात्या! अवो तात्या, ब्रेकवरचा पाय काढा!"

इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही.